हरलास, हे सांगायला आपलंच माणूस लागतं

डॅलसला राहणारा माझा मावसभाऊ वयानं माझ्याहून बराच मोठा. आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणतो. तीसेक वर्षांपूर्वी तो अमेरिकेत गेला आणि तिथलाच नागरिक झाला. पेशानं हिशेबतपासनीस. घरी दीड दिवसाचा गणपती बसवतो, वरण-भात पानात पडल्याशिवाय त्याला जेवल्यासारखं वाटत नाही, आणि मत मात्र न चुकता रिपब्लिकन पक्षाला देतो. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं : "कर कमी, सरकार लहान आणि कायदा कडक. हिशेबनिसाला आणखी काय हवं?"

नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा फोन आला. करोनाचे दिवस. इकडे आम्ही घरात कोंडलेले, तिकडे तो. मला वाटलं, तब्येतीची विचारपूस करायला केला असेल. पण दादा भलताच तापलेला होता. डोनाल्ड ट्रम्प मागे पडत होते, त्याचं दुःख होतंच. पण खरा राग होता फॉक्स न्यूजवर. "अरे, सीएनएनवाल्यांनी केलं असतं तर समजू शकलो असतो. पण इथे आपल्याच चॅनेलनं घात केला!"

काय केलं होतं फॉक्सनं? मतदान ३ नोव्हेंबरला झालं. त्या रात्री अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घड्याळात ११ वाजून २० मिनिटं झाली होती. फॉक्सनं जाहीर करून टाकलं की अ‍ॅरिझोना राज्य ज्यो बायडेन यांनी जिंकलं. इतर बड्या वाहिन्यांनी त्या राज्याबाबत तोंड उघडायला आठवड्याहून अधिक वेळ घेतला.

आपल्याकडे निकाल निवडणूक आयोग सांगतो. अमेरिकेत साऱ्या देशाचा निकाल जाहीर करणारा असा आयोगच नाही. पन्नास राज्यं आपापली मतं आपापल्या पद्धतीनं मोजतात, आकडे अधिकृत व्हायला काही आठवडे जातात. तोवर वाहिन्या आणि वृत्तसंस्था आपापली आकडेमोड करून कोण जिंकलं ते सांगतात, आणि देश त्यावर विश्वास ठेवून झोपायला जातो. फॉक्सच्या पडद्यावर कोणी कितीही आरडाओरडा करो, आत आकडेमोडीच्या टेबलावर बसलेली माणसं मात्र गणिताला बांधलेली होती. सगळी मोजणी संपली तेव्हा अ‍ॅरिझोनात बायडेन १०,४५७ मतांनी पुढे होते. फॉक्सचं उत्तर बरोबर निघालं.

तरीही दादानं त्या रात्रीनंतर फॉक्स लावणं सोडून दिलं. उत्तर चुकलं म्हणून नव्हे, नकोसं होतं म्हणून! हिशेबात एका सेंटचा फरक आला तर रात्र जागवणारा हा माणूस. त्याचं असं व्हावं, याचं मला तेव्हा मोठं नवल वाटलं होतं.

अमेरिकेतल्या त्या सत्तांतरावर आजवर ढिगानं लिहिलं गेलं. ट्रम्प यांच्या विरोधकांनी काय म्हटलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. विरोधक विरोधात बोलणारच, त्यात बातमी ती काय? मला जास्त कुतूहल आहे ते ट्रम्प यांच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या विचारांच्या लेखक-संपादकांचं. आपला माणूस हरला, हे आपल्याच वाचकांना सांगायची पाळी आली तेव्हा ते काय करत होते? माझ्या मते त्या सत्तांतराची खरी कसोटी तिथे लागली.

आधी 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दाचं बघू. आपण त्याचं भाषांतर सनातनी किंवा पुराणमतवादी असं करून मोकळे होतो. अमेरिकेत त्याचा अर्थ जरा निराळा. तिथला कॉन्झर्व्हेटिव्ह जपायला निघतो ती मुख्यतः १७८७ साली लिहिलेली राज्यघटना. सरकारनं हातपाय पसरू नयेत, न्यायाधीशांनी घटनेत आहे तेवढंच वाचावं, बाजारात ढवळाढवळ नको, चर्च आणि कुटुंबाला मान असावा, ही त्यांची पोथी. विल्यम बकली यांनी १९५५ साली 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक काढलं आणि या विचाराला वाचक मिळवून दिले. 'वॉल स्ट्रीट जर्नल'चं संपादकीय पान हा व्यापारी-उद्योजक उजव्यांचा कट्टा. मग १९८७ साली एक जुना सरकारी नियम रद्द झाला. रेडिओ आणि टीव्हीनं वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात, असा तो नियम होता. पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला, आणि १९९६ मध्ये रूपर्ट मरडॉक यांची फॉक्स न्यूज सुरू झाली. नियतकालिकाचे वाचक हजारांत मोजायचे, इथे प्रेक्षक लाखांत होते. आणि लाखांना दररोज धरून ठेवायचं, तर त्यांना आवडेल तेच वाढावं लागतं.

आता अमेरिकेतल्या सत्तांतराची गंमत बघा. आपल्याकडे २०२४ मध्ये ४ जूनला लोकसभेचे निकाल लागले आणि ९ जूनला शपथविधी उरकलासुद्धा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मतदान आणि २० जानेवारीला शपथ. मध्ये तब्बल अकरा आठवडे! पूर्वी तर ४ मार्चपर्यंत थांबावं लागे; १९३३ च्या घटनादुरुस्तीनं तारीख अलीकडे आणली. या अकरा आठवड्यांत हरलेला अध्यक्ष खुर्चीवर असतो आणि जिंकलेला दाराबाहेर. बदलीचा हुकूम निघालाय पण चार्ज दिलेला नाही, अशा साहेबासारखी ही अवस्था. साहेब समजूतदार असेल तर चाव्या, फायली, शिपायांची नावं सगळं नीट समजावून देतो. नसेल तर?

त्यासाठी १९६३ साली एक कायदा झाला. जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाचं खातं आहे, सरकारी इमारती आणि खरेदी सांभाळणारं. २०२२ मध्ये नियम बदलेपर्यंत, त्याच्या प्रमुखानं जिंकलेला उमेदवार कोण, याची नोंद केली की नव्या माणसांना कचेरी, पैसा आणि सरकारी माहिती मिळू लागे. २०२० मध्ये ७ नोव्हेंबरला वाहिन्यांनी बायडेन यांचा विजय जाहीर केला. या खात्याच्या प्रमुख एमिली मर्फी यांनी ती नोंद केली २३ नोव्हेंबरला. सोळा दिवस नव्या सरकारच्या माणसांना सरकारी दार बंद. तेही साथीत रोज माणसं मरत असताना.

पण थांबा. दार बंद होण्याची ही पहिली वेळ नव्हती. आधी जरा २००० साली जाऊन येऊ, कारण तेव्हा पारडं नेमकं उलटं होतं.

तेव्हा रिपब्लिकन जॉर्ज बुश आणि डेमोक्रॅट अल गोर यांच्यात फ्लॉरिडा राज्यावर सगळं अडून बसलं. मोजणी, फेरमोजणी, कोर्टकचेऱ्या यांत ३६ दिवस गेले. अखेरचा अधिकृत फरक केवळ ५३७ मतांचा! तोवर अध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारातल्या त्याच खात्यानं बुश यांच्या माणसांना दार उघडलं नाही. उजवे स्तंभलेखक संतापले. बुश यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनी यांनी मग देणग्या गोळा करून व्हर्जिनियात स्वतंत्र कचेरी थाटली. फलक झळकले : गोर आणि त्यांचे जोडीदार लिबरमन यांच्या नावांवर कोटी करून 'सोअर लूझरमन', म्हणजे हरल्यावर रडणारी माणसं. आपल्या गल्लीतल्या पोरांनी 'रडीचा डाव खडी' म्हणून चिडवावं, तसंच ते.

त्याच गोंधळात मायामीत एक प्रकार घडला. २२ नोव्हेंबरला फेरमोजणीच्या इमारतीत रिपब्लिकन कार्यकर्ते घुसून ओरडू लागले. त्यांत वॉशिंग्टनहून आलेले सुटाबुटातले पगारी कर्मचारी बरेच होते. फेरमोजणी थांबली. 'वॉल स्ट्रीट जर्नल'चे स्तंभलेखक पॉल गिगो यांनी या पांढरपेशा बंडाचं वर्णन चक्क कौतुकाच्या सुरात केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि याच फ्लॉरिडातली दुसरी गोष्ट. पाम बीच परगण्यात मतपत्रिका फुलपाखराच्या पंखांसारखी दोन पानांची होती. नावं दोन्ही पानांवर आणि भोकं पाडायची मधल्या पट्टीवर. डाव्या पानावर गोर दुसऱ्या क्रमांकावर, पण दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं! ब्यूकॅनन म्हणजे कडवे उजवे, निक्सन यांची भाषणं लिहिणारे, टीव्हीवर तावातावानं भांडणारे. ज्या परगण्यात वयस्क ज्यू मतदार मोठ्या संख्येनं, तिथे त्यांना ३,४०७ मतं पडली. त्यांनी गप्प बसून ती खिशात घातली असती तर कोण काय करणार होतं? पण दोन दिवसांत ते टीव्हीवर आले आणि म्हणाले, यातली बरीचशी मतं माझी नसावीत, ती गोर यांचीच असणार. बुश यांना अडचणीत आणणारं हे वाक्य एका उजव्याच्या तोंडून आलं. निकाल त्यानं बदलला नाही. मतपत्रिकेत भोक पडलं ते पडलं. पण वाचकहो, खरं बोलायला पैसे पडत नाहीत असं कोण म्हणतं? स्वतःच्या गोटात रोष पत्करावा लागतो, तीच किंमत.

१२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा मतांनी फेरमोजणी थांबवली. दुसऱ्या दिवशी गोर यांनी निकाल मला पटत नाही पण मान्य आहे, असं सांगून पराभव स्वीकारला. उपाध्यक्ष या नात्यानं ६ जानेवारी २००१ रोजी स्वतःच्या पराभवाची मतगणना त्यांनीच चालवली. या सगळ्याची किंमत मागून कळली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगानं पुढे नोंदवलं की, त्या वादापायी सत्तांतराचा काळ जवळजवळ निम्म्यावर आला आणि सुरक्षेशी संबंधित महत्त्वाच्या नेमणुका लांबल्या.

आता परत २०२० मध्ये येऊ.

बायडेन यांना निर्वाचकांची ३०६ मतं, ट्रम्प यांना २३२. ट्रम्प म्हणाले, निवडणूक चोरली. त्यांच्या बाजूनं कोर्टात साठाहून अधिक दावे गेले. लक्षात घ्या, दावा करण्याचा त्यांना हक्कच होता. गोर कोर्टात गेले होते, मग ट्रम्प यांनी का जाऊ नये? उजव्या संपादकांनीही सुरुवातीला हेच लिहिलं आणि ते चूक नव्हतं.

रागाला कारणं नव्हती असंही नाही. 'न्यूयॉर्क पोस्ट'नं ऑक्टोबरमध्ये बायडेन यांच्या मुलाच्या लॅपटॉपची बातमी छापली, तर ट्विटरनं ती पुढे पाठवणंच बंद करून टाकलं. ही चूक झाली, हे ट्विटरच्या प्रमुखांनी पुढे स्वतः मान्य केलं. पेनसिल्व्हेनियात टपाली मतं पोचायची मुदत विधिमंडळानं नव्हे, तर राज्याच्या कोर्टानं तीन दिवसांनी वाढवली. घटनेत आहे तेवढंच वाचा म्हणणाऱ्यांना हे खटकणारच. अशी उशिरा आलेली मतं सुमारे दहा हजार होती आणि बायडेन यांची तिथली आघाडी ऐंशी हजारांची, हा भाग वेगळा. शिवाय २०१६ च्या निकालानंतर डेमोक्रॅटांनी तरी कुठे निमूट मानलं होतं? ६ जानेवारी २०१७ रोजी त्यांचे काही सदस्य ट्रम्प यांच्या मतांवर हरकती घ्यायला उभे राहिले होते. आता संपलं, असं म्हणून त्यांना खाली बसवलं ते उपाध्यक्षाच्या आसनावरच्या बायडेन यांनी. म्हणजे तिथेही आपल्या माणसांना गप्प करणारा आपलाच माणूस होता.

हे सगळं दादा मला फोनवर मुद्देसूद सांगायचा. मी एकदाच त्याला विचारलं, "दादा, तुझ्याकडे कोणी पावतीशिवाय खर्च मांडला तर तू मंजूर करशील?" तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "पावत्या कोर्टात दाखवतील ना!"

कोर्टात नेमकं तेच झालं नाही. २७ नोव्हेंबरला पेनसिल्व्हेनियाचा दावा वरच्या संघीय न्यायालयानं फेटाळला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्टेफानोस बिबास यांची नेमणूक खुद्द ट्रम्प यांनी केलेली. त्यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा : निवडणूक अन्यायाची झाली असं नुसतं म्हटल्यानं ती तशी ठरत नाही, आरोप नेमका हवा आणि त्याला पुरावा हवा, इथे दोन्ही नाहीत. १ डिसेंबरला ट्रम्प यांचेच अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी सांगितलं की, निकाल फिरेल एवढा गैरप्रकार आम्हाला आढळलेला नाही. ११ डिसेंबरला टेक्सास राज्याचा दावा सर्वोच्च न्यायालयानं दाखल करून घेतला नाही. प्रतिनिधीगृहातल्या १२६ रिपब्लिकन सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला होता. ट्रम्प यांनी नेमलेले तीन न्यायमूर्ती तिथे होते, तिघांपैकी एकानंही वेगळं मत नोंदवलं नाही.

आता लेखक-संपादकांकडे वळू. 'नॅशनल रिव्ह्यू'नं ३० नोव्हेंबरलाच संपादकीय लिहून ट्रम्प यांच्या या शेवटच्या खेळीला लाजिरवाणं म्हटलं. डिसेंबरच्या अखेरीस मरडॉक यांच्याच मालकीच्या 'न्यूयॉर्क पोस्ट'नं, ज्यानं निवडणुकीत ट्रम्प यांना पाठिंबा दिला होता, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत त्यांना हा वेडेपणा थांबवा म्हणून विनवलं. ३ जानेवारीला दहा माजी संरक्षणमंत्र्यांनी जाहीर पत्र लिहून लष्कराला या वादात ओढू नका, असं बजावलं. त्या दहांत डिक चेनी होते. वीस वर्षांपूर्वी देणग्यांतून कचेरी थाटणारे तेच चेनी!

सगळ्यात हृद्य गोष्ट मायकेल लुटिग यांची. हे निवृत्त न्यायाधीश, उजव्या कायदेपंडितांत मोठा मान असलेले. ट्रम्प यांची इच्छा होती की उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी ६ जानेवारीला काही राज्यांची मतं बाजूला ठेवावीत. तसं करता येतं असा सल्ला देणारे वकील जॉन ईस्टमन एके काळी लुटिग यांच्याच हाताखाली शिकलेले. पेन्स यांच्या बाजूनं लुटिग यांना विचारणा झाली. त्यांना ट्विटर नवीनच होतं. लांब मजकूर तिथे कसा टाकायचा ते मुलाकडून समजून घेतलं आणि ५ जानेवारीला त्यांनी लिहिलं : उपाध्यक्षाला असा अधिकार घटनेनं दिलेला नाही. दुसऱ्या दिवशी पेन्स यांनी आपल्या पत्रात त्यांचाच आधार घेतला. शिष्य चुकला तेव्हा गुरूनं चारचौघांत तसं सांगितलं. आपल्याकडेही असे गुरू भेटतात, पण विरळा.

६ जानेवारी २०२१ रोजी काय झालं ते साऱ्या जगानं पाहिलं. जमाव संसदेच्या इमारतीत घुसला, मतगणना थांबली, खासदारांना पळावं लागलं. रात्री उशिरा सभागृह पुन्हा बसलं आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास पेन्स यांनी बायडेन यांचा विजय जाहीर केला. त्यानंतर 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या संपादकीय पानानं लिहिलं की, ट्रम्प यांनी स्वतःहून राजीनामा द्यावा हेच सगळ्यांच्या हिताचं. त्या पानाचे प्रमुख तेव्हा कोण होते? मायामीच्या गोंगाटाचं कौतुक करणारे पॉल गिगो! माणूस वीस वर्षांत बदलतो की वेळ बदलते, ते तुम्हीच ठरवा. मला एवढंच दिसतं की, दुसऱ्याच्या अंगणातला गोंगाट गमतीचा वाटतो, तो आपल्या देवघरापर्यंत आला की त्याचा अर्थ कळतो.

नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. अ‍ॅरिझोनाच्या रात्रीनंतर दादासारखे असंख्य प्रेक्षक फॉक्स सोडून न्यूजमॅक्स या छोट्या वाहिनीकडे वळले. फॉक्समध्ये घबराट पसरली. १९ नोव्हेंबरला टकर कार्लसन यांनी एकदा पडद्यावर सांगितलं की, ट्रम्प यांच्या बाजूच्या वकील सिडनी पॉवेल यांच्याकडे आम्ही पुरावा मागितला आणि तो मिळाला नाही. प्रेक्षक त्यांच्यावरच उखडले. मतदानयंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीनं पुढे खटला भरला, तेव्हा या मंडळींचे आपापसातले निरोप उघड झाले. पॉवेल खोटं बोलताहेत, असं कार्लसन खासगीत स्पष्ट लिहीत होते. वाहिनीच्याच एका बातमीदार बाईंनी ट्रम्प यांच्या विधानाची तपासणी केली, तर शेअरचा भाव उतरतोय, त्यांना काढा, असंही लिहीत होते! ६ जानेवारीच्या दुपारी लॉरा इन्ग्रॅम यांनी अध्यक्षांच्या कचेरीत निरोप धाडला की, या लोकांना घरी जायला सांगा. त्याच संध्याकाळी पडद्यावर त्यांनी संशयाची सुई डाव्यांकडे वळवली.

घरात एक आणि दारात एक. यालाच आपण ढोंग म्हणतो. त्याचं बिल आलं १८ एप्रिल २०२३ रोजी : ७८ कोटी ७५ लाख डॉलर. त्या वेळच्या दरानं जवळपास साडेसहा हजार कोटी रुपये मोजून फॉक्सनं डोमिनियनचा खटला मिटवला. कंपनीबद्दल सांगितलेल्या काही गोष्टी खोट्या होत्या, असं कोर्टानं त्याआधीच ठरवलं होतं.

पण खरं सांगणाऱ्यांचं काय झालं? अ‍ॅरिझोनाच्या निर्णयाचं पडद्यावर समर्थन करणारे फॉक्सचे राजकीय संपादक ख्रिस स्टायरवॉल्ट यांची जानेवारी २०२१ मध्ये नोकरी गेली. वाहिनीनं कारण दिलं, पुनर्रचना. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जोना गोल्डबर्ग आणि स्टीफन हेज हे दोन जुने उजवे भाष्यकार, ६ जानेवारीवरच्या कार्लसन यांच्या कार्यक्रमाचा निषेध म्हणून फॉक्स सोडून गेले. आठ नामवंत उजव्यांनी जुलै २०२२ मध्ये सगळेच्या सगळे ६४ दावे तपासून अहवाल काढला : निवडणूक हरली होती, चोरली नव्हती. त्या आठांत लुटिग होते, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयात बुश यांची बाजू मांडणारे थिओडोर ओल्सनही. गोर यांना हरवणारा वकीलच सांगत होता की या वेळी आपण हरलो. तरी बहुसंख्य रिपब्लिकन मतदारांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

पुढचा इतिहास ताजाच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प ३१२ विरुद्ध २२६ अशा मतांनी स्वच्छ जिंकले. कमला हॅरिस यांनी दुसऱ्या दिवशी पराभव मान्य केला, ६ जानेवारी २०२५ रोजी स्वतःच्या पराभवाची मतगणना शांतपणे चालवली. ज्यांच्या शपथविधीला २०२१ मध्ये ट्रम्प फिरकले नव्हते, ते बायडेन ट्रम्प यांच्या शपथविधीला हजर राहिले. त्याच दिवशी ट्रम्प यांनी ६ जानेवारीच्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार जणांना माफी दिली. पोलिसांना मारणाऱ्यांनाही माफी, म्हणून 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या संपादकीय पानानं पुन्हा कान उपटले. कायदा कडक हवा म्हणणाऱ्यांनी आणखी काय करायचं?

दादा मध्यंतरी पुण्याला आला होता. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीत बसलो आणि विषय निघालाच. २०२४ मध्ये त्यानं पुन्हा ट्रम्प यांनाच मत दिलं. मी काही बोलणार तोच म्हणाला, "दोन वर्षांचे हिशेब एका वहीत मांडू नये. चोवीस सालचं मत मी महागाई बघून दिलं. वीस सालचा हिशेब वेगळा. त्या साली आपण हरलो होतो."

मी चमकलो. "हे तुला कधी पटलं?"

"बायडेनच्या माणसांनी सांगून जन्मात पटलं नसतं," तो हसत म्हणाला. "त्या बिबासचं निकालपत्र एकदा उतरवून घेऊन वाचलं. म्हटलं, हा तर आपला माणूस. ह्याला खोटं बोलून काय मिळणार? वाचलं आणि गप्प झालो. तुझी ती पावती आठवली."

"मग फॉक्स पुन्हा लावायला लागलास?"

"लावतो. पण आता आवाज बारीक ठेवतो."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आम्ही लिहिणारी माणसं वाचकांना नावं ठेवत असतो, लोकांना खरं ऐकायचंच नसतं म्हणून. थोडं खरं आहे ते. दादानं चॅनेल बदललं, तेव्हा त्या चॅनेलचे हातपाय लटपटले हेही खरंच. पण दादाला वळवलं ते विरोधकांच्या टोमण्यांनी नाही, उपदेशानं नाही. त्याच्याच विचाराच्या एका माणसानं, पद आणि नाव पणाला लावून, इंग्रजीत शांतपणे लिहिलेल्या काही पानांनी वळवलं. उशीर लागला, पण वळला.

प्रत्येक घरात, प्रत्येक मंडळात, प्रत्येक पक्षात असा एखादा आपला माणूस असतो. तो नको त्या वेळी नको ते बोलतो आणि सगळ्यांचा विरस करतो. पुढच्या वेळी तो बोलायला लागला तर चॅनेल लगेच बदलू नका. आवाज हवा तर बारीक करा, पण ऐका.